आधी पार्सल थांबवा, कपाट नंतर आवरू

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगणघाटकडच्या गावातल्या एक ताई, वय चौतीस, खासगी शाळेत शिकवतात. घरी सहा एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. गेल्या तीन वर्षांत मोबाइलवरून इतक्या साड्या आणि ड्रेस मागवले की लोखंडी कपाट भरलं, दिवाणाची पेटी भरली आणि आता धान्याच्या कोठीमागेही पिशव्या आहेत. निम्म्यांची घडीसुद्धा मोडलेली नाही. पार्सल घरी येऊ नये म्हणून चौकातल्या दुकानाचा पत्ता देतात. शिलाई मशीनच्या नावावर तीस हजारांचं कर्ज काढलं, त्यातलं बरंचसं कपड्यांत गेलं. नवऱ्याला माहीत नाही. त्या विचारतात: हा आजार आहे की मीच अशी आहे? सगळं वाटून टाकू का? आणि माणसाला कपडे लागतात तरी किती?

ताई, मी वर्धा जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करते, मनोविकार बाह्यरुग्ण विभागात आणि बचत गटांच्या बैठकांतही. कपड्यांची तक्रार घेऊन माझ्याकडे सहसा कोणी येत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, घरात पटत नाही, असं सांगत बाया येतात आणि पार्सलचा विषय तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतो. तुम्ही तो पहिल्याच ओळीत काढलात, त्यामुळे बरंच काम आधीच झालं आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात घाई होण्याचा धोका आहे. सगळं वाटून टाकू नका. निदान आत्ता तरी नाही. मोबाइलवर कपाट आवरण्याचे व्हिडिओ बघून एका रविवारी सगळं बाहेर काढायचं, गाठोडी बांधायची, दोन दिवस हलकं वाटायचं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. पिकाचा पुढचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हातात येईपर्यंत कपाट पुन्हा भरलेलं असतं. जागा झाली की ती भरायला निमित्त मिळतं, आणि आता तर "माझ्याकडे घालायला काही नाही" हे खरंही असतं. येणारी धार चालू ठेवून रांजण उपसण्यात अर्थ नाही. आधी येणं थांबवायचं, मग आहे ते घालण्याजोगं करायचं, आणि मग उरेल त्याचं काय करायचं ते ठरवायचं. सल्ला देणारे बहुतेक लोक हा क्रम उलटा सांगतात.

आता आजाराचं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या अनावर खरेदीचं वर्णन करून ठेवलं आहे. तेव्हा ना ॲप होतं, ना हप्ते. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत ती आवेगांवर ताबा न राहण्याच्या विकारांच्या 'इतर' गटात येते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या ग्रंथात तिला स्वतंत्र आजाराचा दर्जा नाही. नाव काय द्यायचं यावर तज्ज्ञांत वाद असला, तरी त्रास खरा आहे याबद्दल वाद नाही. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत हे प्रमाण ५.८ टक्के निघालं होतं. बायकांमध्ये ६ टक्के आणि पुरुषांमध्ये ५.५, म्हणजे जवळजवळ सारखंच. आपल्याकडे मात्र बाईनं साड्या घेतल्या तर ती उधळी आणि पुरुषानं गाडीला नवे दिवे, तिसरा मोबाइल, चौथा गॉगल घेतला तर तो शौकीन.

साड्या किती आहेत यावरून मी काही ठरवत नाही. दीडशे साड्या असून निवांत असलेल्या बाया मला माहीत आहेत. त्या त्यांनी हौसेनं घेतल्या, नेसल्या, लेकीला दाखवल्या. मी विचारते ते वेगळंच. मन बिघडलं की हात मोबाइलकडे जातो का? घेतल्यावर तासाभरात पश्चात्ताप होतो का? लपवावं लागतं का? थांबायचं ठरवून थांबता आलं नाही, असं वारंवार झालं का? घरखर्चाला, कर्जाच्या हप्त्याला, नात्याला झळ बसली का? तुमच्या पत्रात यातल्या बहुतेकांना होकार आहे. म्हणजे हा स्वभावदोष नाही आणि लायकीचा प्रश्न तर अजिबात नाही. यावर इलाज होतो.

पण दोन गोष्टी आधी तपासून घ्याव्या लागतील. एक, असे काही दिवस येतात का, की झोप दोन-तीन तास झाली तरी थकवा नाही, बोलणं भरभर, डोक्यात मोठमोठे बेत आणि त्याच दिवसांत खर्च बेफाम? तसं असेल तर तो द्विध्रुवी (बायपोलर) विकारातला उन्माद असू शकतो. तिथे वही, नियम वगैरे कामाचे नाहीत, आधी मनोविकारतज्ज्ञ. दोन, कुठलं औषध चालू आहे का? कंपवातासाठी (पार्किन्सनसाठी) दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं काही जणांत खरेदीचा अनावर आवेग निर्माण करतात. मनोविकारांवर दिल्या जाणाऱ्या ॲरिपिप्राझोलबद्दलही अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१६ मध्ये असाच इशारा दिला होता. यातलं काही घेत असाल तर औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. ते मात्रा किंवा औषध बदलतात.

हे दोन्ही नसेल, तर पुढचं तुमच्यासाठी.

खरेदीची गोडी वस्तूत कमी आणि वाट पाहण्यात जास्त असते. आपल्या मेंदूतलं डोपामाइन हे रसायन मिळालेल्या गोष्टीपेक्षा मिळणार असलेल्या गोष्टीवर जास्त उसळतं. ऑर्डर दिल्यापासून पार्सल हातात पडेपर्यंतचे दिवस गोड जातात. पार्सल फोडलं की तो भर ओसरतो. शहरात वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येते. आपल्या गावांत आठवडाही लागतो. म्हणून आपल्याकडे या सवयीचं एक वेगळं रूप दिसतं: वाटेत कायम काहीतरी असलं पाहिजे. एक पार्सल यायच्या आत दुसरं मागवायचं. देवळीकडची एक बाई मला म्हणाली होती, "मॅडम, पार्सल येनार हाये म्हटलं का दिवस कटते. आलं का मंग काईच नाई." दिवस कटत नाही, ही तिची खरी तक्रार होती. साडीनं ती आठवडाभर पुढे ढकलली जायची, एवढंच.

त्यात कॅश ऑन डिलिव्हरीनं आणखी घोळ घातला आहे. ऑर्डर देताना खिशातून काहीच जात नाही, म्हणून ते खर्चासारखं वाटत नाही. पोरगा उन्हातान्हात पार्सल घेऊन दारात उभा राहिला की त्याला परत कसं पाठवायचं, या संकोचानं पैसे दिले जातात. "फक्त २ शिल्लक", "सेल संपायला ११ मिनिटं", "नको, मला बचत करायची नाही" असं लिहिलेलं बटण, हे सगळे ठरवून केलेले डाव आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात खोटी घाई दाखवणं आणि नकार देणाऱ्याला लाजवणं या दोन्ही आहेत. बंदी आली म्हणून त्या दिसायच्या थांबल्या असं मात्र नाही. तुमचा निश्चय कच्चा आहे असं समजण्याआधी समोर कोण बसलं आहे तेही बघा.

तर सुरुवात कशी करायची? पहिले पंधरा दिवस काही बदलू नका, फक्त लिहा. शाळेची जुनी वही चालेल. खरेदीची ओढ आली की वेळ, त्याआधी काय झालं, कुठे पाहिलं, किंमत आणि घेतलं की नाही. पंधरा दिवसांत चित्र उमटतं आणि ते बहुतेकदा आपल्याला वाटतं त्याहून वेगळं असतं. कोणाची वेळ दुपारी दोन ते चारची निघते, घरात कोणी नसताना. कोणाची रात्री दहानंतरची. कोणाची दर वेळी माहेरचा फोन झाल्यावरची. एकीच्या वहीत प्रत्येक नोंदीआधी जावेचं नाव होतं. तिच्यासाठी ॲप काढून टाकण्यापेक्षा जावेशी एकदा बोलणं जास्त उपयोगी पडलं.

मग येणं थांबवायचं. ॲप काढून टाका, पण तेवढ्यावर राहू नका, कारण आपल्याकडे निम्मी खरेदी ॲपवर होतच नाही. ती फेसबुक लाइव्हवर होते आणि गावातल्याच कोणा वहिनीच्या साडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. ॲप काढणं सोपं. वहिनीला नाही म्हणणं अवघड, कारण ती रोज भेटते आणि तिचाही संसार त्यावर चालतो. तिला खोटी कारणं देऊ नका. "वहिनी, पोळ्यापर्यंत मी काहीच घेणार नाही, फोटो पाठवू नका, राग मानू नका," इतकं एकदा सांगा. मुदत सांगितली की समोरच्यालाही ते तोडून टाकल्यासारखं वाटत नाही. ग्रुप सोडायचा नसेल तर आवाज बंद करून खाली ढकलून द्या.

दुकानाचा पत्ता काढून टाका. यापुढे जे येईल ते घरच्या पत्त्यावर, नवरा अंगणात बसलेला असतानाही. हा एक बदल बाकी सगळ्यांपेक्षा जड जातो आणि सगळ्यांत जास्त काम करतो. लपवता येत नाही म्हटल्यावर निम्म्या ऑर्डरी दिल्याच जात नाहीत. जी ऑर्डर आधीच वाटेत आहे ती दारात आली तर "नको, परत न्या" म्हणा. रोखीचं पार्सल नाकारता येतं, सहसा दंड नसतो. पोराला पाणी पाजा आणि परत पाठवा.

ओढ अनावर होते त्या वेळेसाठी एक माहिती. ती चढत जाते, शिगेला पोचते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते. आपण शिगेलाच बटण दाबतो, म्हणून ती उतरते हे आपल्याला कधी कळतच नाही. तो अर्धा तास हातांना काम द्या. डोळे मिटून श्वास मोजा असं मी सांगत नाही. दमलेल्या बाईला ते जमत नाही आणि जमलं नाही म्हणून आणखी वाईट वाटतं. ब्लाऊजचे तुटलेले हूक लावा, फॉल लावा, इस्त्री करा. कपड्यांचीच ओढ आहे ना, मग आहेत त्या कपड्यांना हात लावा. आवडलेली वस्तू वहीत लिहून आठ दिवस थांबा. आठव्या दिवशी त्यातल्या बहुतेक साड्यांचा रंगसुद्धा आठवत नाही.

किंमत लिहिताना पूर्ण लिहा. समजा साडी ५५० रुपयांची. फॉल-पिकोचे ८०, ब्लाऊज शिलाई २००, जुळता परकर १५०. झाले ९८०. आता ते तुमच्या घरच्या मापात मोजा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, किलोला ८१. म्हणजे ती एक साडी बारा किलो कापसाची झाली, तोही हमीभाव हातात पडला तर. वेचणीला तुम्ही स्वतः गेला असाल, तर बारा किलो म्हणजे ओटीत किती वेळा भरून आणायचं हे मी सांगायला नको. आणि गंमत बघा, बारा किलो कापसातून सरकी काढल्यावर चार किलोच्या आसपास रुई निघते, म्हणजे सुती साड्या निदान सहा-सात तरी व्हाव्यात. त्याच्या बदल्यात आपण एक साडी घेतो, ती पण पॉलिस्टरची. कापूस पिकवणाऱ्या घरांतली कपाटं उघडली की आत बहुतेक माल सुरतेचा आणि सुताचा एक धागा नाही, हे मला दर वेळी खटकतं. असो.

हे महिना-दीड महिना जमलं की कपाटाकडे वळू. एक दिवस बाज टाका आणि सगळं बाहेर काढा. "आनंद देते का" वगैरे विचारू नका. ज्याला ही सवय आहे त्याला दुकानातली प्रत्येक साडी आनंद देते, तोच तर घोटाळा आहे. कामाप्रमाणे ढीग करा. शेतात जायचे, घरात घालायचे, शाळेचे, लग्नकार्याचे आणि दुःखाला जायचे. हा शेवटचा ढीग शहरातल्या कुठल्याच यादीत नसतो, पण गावात मयतीला, तेरवीला साधी, फिक्या रंगाची साडी लागतेच, आणि ती वेळेवर सापडली नाही की बाई लाल काठाची नेसून जाते आणि वर्षभर ऐकून घेते. शेतातल्या ढिगात नवऱ्याचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्टही मोजा. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांपासून आणि उन्हापासून हात वाचवतात ते. त्यांच्याइतकं काम देणारं दुसरं कापड घरात नसेल.

यानंतर एक ढीग आपोआप उरेल आणि तोच सर्वांत मोठा असेल: ब्लाऊज न शिवलेल्या, फॉल न लावलेल्या साड्या. ब्लाऊज नसलेली साडी नेसता येत नाही, ते नुसतं कापड असतं. तुमच्या कपाटात दीडशे नग असतील, तर नेसण्याजोगे कदाचित चाळीसच असतील. "घालायला काही नाही" असं वाटतं ते अगदी खोटं नसतं. घेणं सोपं आहे, शिवायला टाकणं कंटाळवाणं आहे, आणि अनावर खरेदीत माणूस सोप्याकडे पळतो. म्हणून माझा एकच पक्का नियम आहे: हातातल्या साडीचा ब्लाऊज शिवून, ती नेसून बाहेर जाऊन आल्याशिवाय पुढची साडी नाही. बाकी नियम मोडले तरी चालतील.

सगळ्यांचे ब्लाऊज शिवत बसू नका, तेवढ्यात आणखी दहा हजार जातील. काळा, मरून आणि सोनेरी असे तीन चांगल्या मापाचे ब्लाऊज शिवून घ्या. निम्म्या साड्या त्यांच्यावर निघतात. जुने ब्लाऊज घट्ट झाले असतील तर टेलरनं आत सोडलेलं कापड उसवून बघा, इंच-दीड इंच मिळतो. अंग बदलतं, साडीचं माप बदलत नाही. म्हणूनही वजन वाढलेल्या दिवसांत साड्यांची खरेदी वाढते. ड्रेस घालून बघावा लागतो, साडी घालून बघावी लागत नाही. हे कोणी कोणाला बोलून दाखवत नाही.

कापडही पारखा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पॉलिस्टरची साडी अंगावर ठेवता येत नाही. उन्हाळ्यात ज्या चार-पाच साड्या तुम्ही पुन्हा पुन्हा काढता, त्या हाताला लावून बघा, बहुधा सुती निघतील. ॲपवर "कॉटन सिल्क", "सॉफ्ट कॉटन", "कॉटन ब्लेंड" अशी नावं असतात, त्यांवर जाऊ नका. पदराच्या कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरा आणि जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटांत चुरडणारी राख उरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि कडक मणी होतो. हे एकदा केलं की कोणती साडी मेमध्ये कामाची आणि कोणती फक्त थंडीतल्या लग्नाला, ते कायमचं कळतं.

पुढे कधी नवं घ्यायची वेळ आली, तर वर्ध्याचं मगन संग्रहालय एकदा बघून या. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथे खादी हातात घेऊन बघता येते. भंडाऱ्याकडची कोशाच्या रेशमाची करवतकाठी साडी महाग असते, पण करवतीच्या दात्यांसारखे ते काठ एका जन्माला पुरतात. हे सांगताना थोडी धास्तीही वाटते. पॉलिस्टर सोडून हातमागाकडे वळलेल्या आणि वर्षभरात तितक्याच संख्येनं हातमागाच्या साड्या घेतलेल्या सुशिक्षित बाया मी पाहिल्या आहेत. कापड बदललं, रोग तोच राहिला, वर पुण्य केल्याचं समाधान. निदान पहिलं वर्ष असं चांगलं काहीसुद्धा घेऊ नका.

किती लागतात, हा तुमचा तिसरा प्रश्न. तीस कपड्यांत वर्ष काढा वगैरे आकडे शहरी नोकरदारांसाठी ठीक आहेत. त्यांना शेण काढायचं नसतं आणि एका मोसमात पंधरा लग्नं नसतात. आपला हिशेब वाळण्यावरून करा. शाळा आठवड्याचे सहा दिवस, पावसाळ्यात साडी वाळायला दोन दिवस, म्हणजे शाळेला आठ. घरात पाच-सहा, शेताला तीन, कार्याला पाच, दुःखाला दोन. पंचवीसच्या आसपास झाले. तुमचा आकडा चाळीस आला तरी हरकत नाही, पण तो असा कामावरून आलेला असावा.

कार्याला पाच म्हटलं की बाया हसतात. "परत तीच साडी?" हे ऐकावं लागतं ना. पूर्वी हे एवढं नव्हतं. शेजारणीचा शालू मागून नेसून लोक वऱ्हाडात जात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. आता प्रत्येक लग्नाचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला चढतो, त्यामुळे पुन्हा नेसलेली साडी लगेच ओळखू येते. हा एकटीनं सोडवायचा प्रश्न नाही. तुमच्या बचत गटात विषय काढा. दहा बायांनी ठरवलं की भारी साड्या एकमेकींना द्यायच्या-घ्यायच्या, तर प्रत्येकीकडे फुकटात दहा होतात. आहेराचंही बोला. महालक्ष्म्यांना, लग्नात, बारशाला फिरणाऱ्या आहेराच्या साड्या कोणीच नेसत नाही. त्या या कपाटातून त्या कपाटात प्रवास करतात. गटातल्या घरांपुरतं तरी साडीऐवजी पाकीट द्यायचं ठरवता येतं. गावात पहिल्यांदा बोलणारीला टोमणे बसतात. दुसऱ्या लग्नापासून सगळ्यांना बरंच वाटतं.

उरलेल्यांचं काय? परत करण्याची मुदत असलेल्या आधी परत करा. घडी न मोडलेल्या निम्म्या किमतीत गटात किंवा शाळेतल्या बायांना विका आणि तो पैसा त्याच दिवशी कर्जाच्या हप्त्यात भरा, घरात ठेवू नका. जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या होतात. भांडेवालीला देऊन डबे घेऊ नका, तीही खरेदीच आहे.

आता कर्ज. हे हलक्यात घेऊ नका आणि याच्या ओझ्याखाली पिचूही नका. पहिलं, हे फेडायला दुसरं कर्ज घ्यायचं नाही, कोणी दारात येऊन देत असलं तरी. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं विनातारण कर्ज सूक्ष्म कर्ज धरतात, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीला येणाऱ्यानं दमदाटी करणंही नियमात बसत नाही. कर्जाचं कार्ड बाहेर काढा, किती हप्ते उरले ते एका कागदावर लिहा.

दुसरं, नवऱ्याला सांगा. माझा अनुभव असा की रक्कम कळल्यावर जेवढा राग येतो, त्याहून जास्त ती दुसऱ्याकडून कळल्यावर येतो. फवारणीहून दमून आलेल्या संध्याकाळी किंवा कापसाचा भाव पडल्याच्या दिवशी सांगू नका. रिकामा दिवस निवडा आणि हातात कागद असू द्या: एकूण किती, किती फेडले, किती उरले, मी महिन्याला किती भरणार, आणि पार्सल आता घरच्या पत्त्यावर येतं. रडून माफी मागण्यापेक्षा हा कागद जास्त ऐकला जातो. सगळा पैसा नवऱ्याच्या हाती सोपवण्याचं वचन मात्र देऊ नका. महिन्याला दोन-तीनशे का होईना, हिशेब न द्यायचे तुमचे स्वतःचे रोख पैसे पाकिटात असू द्या. पूर्ण बंदी फार दिवस टिकत नाही, आणि मोडली की पुन्हा चौकातलं दुकान सुरू होतं. सांगितल्यावर मारहाण होईल अशी भीती असेल तर एकटीनं सांगू नका. आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला किंवा विश्वासातलं मोठं माणूस सोबत घ्या.

उपचारांबद्दल थोडंच. या त्रासावर सर्वांत चांगले पुरावे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचाराचे आहेत, विशेषतः गटात घेतलेल्या. वर सांगितलेली वही त्यातलाच भाग आहे. खरेदी कमी करणारं खात्रीचं औषध नाही, अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत. पण मागे नैराश्य किंवा चिंता असेल तर तिच्यावर औषध चालतं आणि मग खरेदीही आटोक्यात येते. दिवस कटत नाही, जगण्यात राम वाटत नाही, कर्जामुळे जीव नकोसा होतो, असं मनात येत असेल तर आठवडाभर वही लिहीत बसू नका. त्याच दिवशी १४४१६ वर फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट आणि मराठीतून. घरातल्या कोणाच्या मनात तसं येत असेल तरी तोच नंबर.

पोळा आणि दिवाळी या दोन वेळा घसरण होणार हे धरून चाला. सेल लागलेले असतात, दिवाळीला चुकारा आलेला असतो, भाऊबीजेची साडी निवडायच्या निमित्तानं ॲप परत उघडलं जातं. एखादी ऑर्डर गेली तर वहीत लिहा आणि पुढच्या दिवशी पुन्हा सुरू करा. "आता मोडलंच आहे तर" म्हणत त्याच रात्री आणखी चार मागवल्या जातात, नुकसान त्या चारांचं असतं. भाऊबीजेला भावाला आधीच सांगून ठेवा की यंदा साडी नको, शिलाईचे पैसे दे. भाऊ खूश होतात, त्यांनाही साडी निवडता येत नसते.

दोन महिन्यांत वहीत काहीच फरक दिसला नाही, तर वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात मनोविकार विभागात नंबर लावा. येताना वही, कर्जाचं कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी घेऊन या. नवरा सोबत आला तर बरं, नाही आला तरी या.